उत्क्रांती पाहिली कुणी?
विज्ञान आणि श्रद्धा : लेखांक ७

जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) भरलेल्या वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे लिहिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून ते खोडून काढलं. तरी ‘पाहिलं कुणी?’ हा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात असतो. तो विचारण्यात गैर काही नाही.

प्रवरा नदीच्या काठी नेवासं आहे. ज्ञानेश्वरी इथे शके १२१२ला, म्हणजे १२९० साली पूर्ण झाली, हे आपण कशावरून म्हणतो? तेव्हाचा साक्षीदार आज कुणी नाही. ग्रंथाच्या अखेरीस शक आणि स्थळ नोंदलेलं आहे, त्यावरून. मागे राहिलेल्या खुणांवरून भूतकाळ ठरवणं वारकऱ्यालाही परकं नाही.

त्याच नेवाशात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केलं. प्रवरेच्या घट्ट झालेल्या वाळू-गोट्यांच्या थरांत त्यांना अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं मिळाली आणि प्राण्यांचे जीवाश्मही. पुढे जवळच्या चिरकी नाल्यापाशी गुडरुन कॉर्विनस यांना दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या. आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या हत्यारांवरून माणूस इथे किती जुना आहे ते कळतं. एका जीवापासून दुसरा झाला, हे त्यांवरून सिद्ध होत नाही. त्याचा पुरावा आपल्याच पेशींत आहे. चिंपांझीची गुणसूत्रं ४८, आपली ४६. आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र दोन जुनी गुणसूत्रं जोडून झालेलं आहे. एरवी टोकाला असणारा डीएनए तिथे मधेच सापडतो. आजच्या माकडाचा माणूस झाला, असं डार्विनही म्हणत नव्हता. दोघांचे पूर्वज एक, एवढंच.

आणि उत्क्रांती डोळ्यांनी पाहायचीच असेल, तर कपाशीच्या शेतकऱ्याला विचारा. अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारं बीटी वाण २००२ साली आलं, २००६ साली दोन जनुकांचं. या वाणावर शेंदरी बोंडअळी मरायची. पण लाखो अळ्यांत काही विष पचवणाऱ्या निघाल्या, त्याच जगल्या, त्यांचीच पिलावळ वाढली. २०१७च्या हंगामात महाराष्ट्रभर गुलाबासारख्या मिटलेल्या डोमकळ्या दिसल्या, बोंडं आतून पोखरलेली निघाली. बियाण्याबरोबर बिगर-बीटीचं पाकीट याचसाठी देत होते: बांधाकडेला ते पेरलं की साध्या अळ्याही जगतात आणि विष पचवणाऱ्यांशी त्यांच्या पतंगांचा संकर होत राहतो, म्हणून विष पचवण्याचा गुण लवकर पसरत नाही. अनेकांनी ते पेरलंच नाही. ज्याला नैसर्गिक निवड कळली, त्याला त्या पाकिटाची किंमत कळते.

माझं मत स्पष्ट आहे. कसं जगावं, दुसऱ्याशी कसं वागावं, हे ज्ञानेश्वरीला विचारावं. अळी का मरत नाही आणि माणूस कुठून आला, याचा निवाडा पुराव्यानेच व्हायला हवा. श्रद्धेला पंच नेमलं तर श्रद्धेचंच नुकसान होतं. उद्या पुरावा उलटा निघाला की माणसं ग्रंथालाच खोटं म्हणू लागतात.

केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून २०२३ साली उत्क्रांतीचा भाग गळला, तेव्हा १८००हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी जाहीर पत्र लिहिलं. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच पाठ आहे. शिक्षकांनी तो घाईत उरकू नये, आणि घरात दहावीचं मूल असेल तर पालकांनीही तो एकदा वाचावा.