ओढणारी चाके, ढकलणारी चाके

मोटार पुढच्या चाकांनी ओढावी, की मागच्या चाकांनी ढकलावी? प्रश्न खरा कारखानदारांचा. पण १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये काझुनोरी यामाउची व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्रान तुरिस्मो’ हा खेळ प्लेस्टेशनवर आणला, आणि तो घरात बसलेल्या पोरांनाही पडू लागला.

त्यातले मर्म एवढेच, की टायरची रस्त्यावरची पकड मर्यादित असते. ती वेग घेण्यात खर्ची पडली, तर वळण्यासाठी थोडीच उरते.

होंडा सिव्हिकची पुढची चाके गाडी ओढतात आणि वळवतातही. भर वळणावर पाय जोरात दाबलात, की ती हट्टी बैलासारखी सरळच धावते; पाय हलकेच उचलला, की ताळ्यावर येते. माझदा आरएक्स-७ मागून ढकलली जाते. निघताना भार मागे झुकतो, म्हणून ती मुसंडी झकास मारते. पण वळणावर अधीरपणा केलात, तर शेपूट बाहेर फेकून गिरकी घेते. निस्सान स्कायलाईन जीटी-आर गरजेप्रमाणे पुढच्या चाकांनाही शक्ती देते. मात्र या सोयीचे वजन तिला वाहावे लागते.

आपल्याकडची जुनी फियाट व अँबॅसडर ढकलणाऱ्या. १९८३ ची मारुती ८०० ओढणारी. खेळात गाडी घसरली, तर कळ दाबून पुन्हा आरंभ करता येतो. ओल्या घाटात ती सवलत नाही. म्हणून आपली गाडी कोणत्या जातीची, हे किल्ली फिरवण्यापूर्वीच ठाऊक असावे!