इफ्तारनंतरचे पोते

पहिल्या रोज्याची इफ्तार झाली, मगरिबची नमाज आटोपली आणि लोक घरी निघाले. मशिदीच्या आवारात माझा भाचा एकटाच मागे राहिला होता. बारावीची परीक्षा चालू असलेला मुलगा, लगबगीने घरी जाऊन पुस्तक उघडावे अशी अपेक्षा; पण हा एक पोते घेऊन दस्तरखानावरून फिरत होता. ग्लास, प्लेटा, चमचे उचलत होता आणि तोंडाने मोजत होता. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाला, “मामू, एका माणसामागे पाच वस्तू. पाण्याचा ग्लास, सरबताचा ग्लास, फळांची प्लेट, भज्यांची प्लेट आणि चमचा. आज एकशेवीस माणसे होती.”

सहाशे वस्तू. रोजे तीस. पुढचा गुणाकार त्याने केला नाही, मीही केला नाही.

ज्या वाचकांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रमजानमध्ये मशिदीत सामूहिक इफ्तार असते. प्रवासी, मजूर, दुकानावरून थेट येणारे, एकटे राहणारे असे सगळे तिथे रोजा सोडतात. रोज एखादे घर खर्च उचलते. त्यात पुण्य आहे, म्हणून चढाओढही आहे. काल कुणी तीन फळे दिली तर आज आपण चार द्यावीत. पदार्थ वाढतात तशी भांडी वाढतात आणि भांडी म्हणजे वापरून फेकायची. महाराष्ट्रात 2018 पासून थर्माकोलच्या ताटल्यांवर आणि असल्या प्लॅस्टिकवर बंदी आहे, 1 जुलै 2022 पासून ती देशभर आहे. बाजारात मात्र मागेल त्याला मिळते. लग्नात, पूजेच्या महाप्रसादाला, उरुसाला आणि आमच्या इफ्तारला.

“हे पोते कुठे जाते, मामू?” त्याने विचारले. उत्तर मला ठाऊक होते, त्यालाही होते. मशिदीमागे पऱ्या आहे. पावसाळ्यापर्यंत सगळे त्याच्या काठावर साचते, पहिल्या मोठ्या पावसात खाडीत जाते आणि खाडीतून समुद्रात. त्यातले बरेच भरतीबरोबर आपल्याच किनाऱ्यावर परत येते.

त्या रात्री तरावीहनंतर मी त्याला वर्सोव्याची गोष्ट सांगितली. 2017 च्या फेब्रुवारीत मी अंधेरीला बहिणीकडे गेलो होतो. रविवारी सकाळी मेहुण्यांनी उठवले, “चला, समुद्रावर जाऊ.” मला वाटले फिरायला. तिथे गेल्यावर हातात रबरी मोजे आले.

वाळूतून एका पिशवीचा फक्त बंद दिसत होता. उपटायला गेलो तर निघेना. आत किलो-दोन किलो ओली वाळू भरलेली, खाली तिला दुसरी पिशवी चिकटलेली, तिला जाळ्याचा तुकडा गुंतलेला. गुडघ्यावर बसून हाताने उकरायचे, मग ओढायचे. दोन तासांत माझे एक पोतेसुद्धा धड भरले नाही. एका बाजूला कॉलेजातली मुलगी, दुसऱ्या बाजूला कोळीवाड्यातले एक म्हातारे गृहस्थ. निघाले काय म्हणाल, तर दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, चपला, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, गाठ मारलेली निर्माल्याची पिशवी आणि दर्ग्यावरच्या हिरव्या चादरीचा जरीचा काठ. शेवटच्या दोन वस्तू मी गुपचूप पोत्यात टाकल्या. त्यांच्यावर चर्चा करण्याची ती जागा नव्हती.

हे काम सुरू केले अफरोज शाह या वकिलांनी. 2015 मध्ये ते वर्सोव्याला राहायला आले आणि खिडकीतून त्यांना वाळूऐवजी कचरा दिसला. त्या ऑक्टोबरमध्ये ते खाली उतरले तेव्हा सोबत एकच माणूस होता, शेजारचे 84 वर्षांचे हरबंश माथुर. एक वकील आणि एक आजोबा, पुढ्यात अडीच किलोमीटरचा किनारा. काही ठिकाणी कचऱ्याचा थर माणसाच्या कमरेच्या वर. पण दर शनिवार-रविवारी माणसे वाढत गेली. शाळेची मुले आली, कोळी आले, सिनेमातली मंडळीही येऊन गेली. पहिल्या 85 आठवड्यांत सुमारे 50 लाख किलो कचरा निघाला. संयुक्त राष्ट्रांनी 2016 मध्ये शाह यांना पर्यावरणासाठीचा आपला मोठा पुरस्कार दिला.

मार्च 2018 मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. ऐंशीच्या आसपास होती. त्या किनाऱ्यावर असे दृश्य वीसेक वर्षांत कुणी पाहिले नव्हते. वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली आणि बहुतेकांच्या डोक्यात वर्सोवा म्हटले की तेवढेच राहिले.

आपल्या जिल्ह्याला कासवे नवी नाहीत. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम सुरू केले तेव्हा गावात कासवाची अंडी सर्रास उचलली जायची. पुढे तेच गावकरी घरट्यांचे राखणदार झाले. मादी रात्री वर येते, हातभर खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पन्नास-साठ दिवसांनी पिल्ले स्वतःच वाळू उकरत वर येतात. त्या वाळूत प्लॅस्टिकचा थर असेल तर मादीला खणता येत नाही आणि पिल्लाला वर येता येत नाही. सध्या काही वर्षे रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो आहे. म्हणजे आपण सहेरीला उठतो त्याच वेळी कोकणच्या किनाऱ्यावर कुठेतरी पिल्ले वाळूबाहेर डोके काढत असतात.

भाच्याला कासवे आवडली. पण मला त्याला दुसरेच सांगायचे होते. वर्सोव्याच्या लोकांना पहिल्या वर्षभरातच कळले की किनारा झाडून भागत नाही. काल साफ केलेल्या जागेवर आजची भरती नवा कचरा आणून टाकते. मग ते वस्त्यांकडे वळले. किनाऱ्यावर लोक शौचाला बसत, कारण जवळची शौचालये वापरण्यासारखी नव्हती. तेव्हा त्यांनी 52 सार्वजनिक शौचालये धुतली. हे मला त्या पन्नास लाख किलोपेक्षा मोठे वाटते. पुढे घराघरांत जाऊन प्लॅस्टिक वेगळे ठेवण्याविषयी सांगणे, मिठी नदीत उतरणे, हे सगळे त्यातूनच आले. आणि सगळे सुरळीत झाले असेही नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये, शंभराहून अधिक आठवड्यांनंतर, शाह यांनी काम थांबवत असल्याचे जाहीर केले. गोळा केलेला कचरा उचलला जात नव्हता आणि स्वयंसेवकांना शिवीगाळ होत होती. सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर ते पुन्हा सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी भाचा आणि त्याचे चार मित्र जमातीच्या अध्यक्षांकडे गेले. मागणी साधी होती. जमातीची भांडी काढा. प्रत्येक जमातीकडे लग्नकार्यासाठी देगी, टोप, थाळे, स्टीलचे ग्लास असतात. आमच्याकडचे कुलुपात पडून होते, कारण लग्नेही आता फेकायच्या ताटल्यांवर होतात. माझ्या लहानपणी एका थाळ्याभोवती चार जण बसून इफ्तार करायचे. खजूर मध्ये, भजी मध्ये, ज्याचा हात त्याच्या समोर.

अध्यक्षांची हरकत नव्हती, पण एक ज्येष्ठ चाचा भडकले. “दिवसभराच्या रोजेदाराला आता भांडी घासायला लावणार काय?” ही बातमी घरोघरी पोहोचली. माझ्या बहिणीने, म्हणजे या मुलाच्या आईने, निरोप पाठवला, “चाचांना सांग, आम्ही चाळीस वर्षे रोजा धरून भांडी घासतोय. आजवर कुणाला काळजी वाटली नव्हती.” चाचा त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःचा ग्लास त्यांनी स्वतः विसळला. हे मी डोळ्यांनी पाहिले.

भांडी धुवायला पाणी जास्त लागेल, हाही आक्षेप आला आणि तो खोटा नव्हता. मार्चमध्ये आमच्या विहिरीचा तळ दिसू लागतो. मुलांनी मग वुजूच्या नळांकडे पाहिले. नमाजआधी हात, तोंड, पाय धुण्याला वुजू म्हणतात. वाहत्या पाण्याच्या काठी बसलात तरी वुजूला पाणी उधळू नका, हे आम्ही सगळे लहानपणीच शिकतो आणि नळ पूर्ण सोडून गप्पा मारतो. मुलांनी नळांच्या चाव्या आवळून धार बारीक केली. पहिले दोन दिवस तक्रारी झाल्या, नंतर कुणाच्या लक्षातही राहिले नाही. वाचलेल्या पाण्यात भांडी निघतात की नाही याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. विहीर मात्र अजून पुरते आहे.

अडचणी सांगायला हव्यात. पहिल्या आठवड्यात बारा ग्लास गायब झाले. काही घरांना आपली इफ्तार ‘नीट’ दिसावी म्हणून चकचकीत पॅकिंगच हवे होते. एका घराने तर बंद डबेच पाठवले. त्यांना कोण काय बोलणार? मुलांनी ते डबे धुऊन ठेवले, पुढे कुणाला मसाला ठेवायला दिले.

मग रविवार आले. फजरची नमाज झाली की रमजानमध्ये माणूस पुन्हा झोपतो, तो खरा सुखाचा काळ. त्या वेळी किनाऱ्यावर जायचे, उन्हे चढायच्या आत परत यायचे. पहिल्या रविवारी अकरा मुले होती आणि त्यांनी घात केला: भरतीची वेळ न बघता गेली. तासाभरात पाणी वर आले आणि निम्मी गोळा केलेली रास घेऊन गेले. बंदरावरचा एक खलाशी होडीवर बसून हसत होता. त्यानेच मग पुढच्या रविवारांच्या ओहोटीच्या वेळा सांगितल्या आणि तोच तिसऱ्या रविवारी कोयता घेऊन आला, कारण वाळूत रुतलेले नायलॉनचे जाळे हाताने निघत नाही. “ही जाळी आमचीच,” तो म्हणाला. फाटले की समुद्रात टाकून द्यायची सवय. कासवे त्यातच अडकतात.

त्या खलाशाचा रोजा नव्हता, तो गाबीत समाजातला. पण मुले पाणी पीत नाहीत म्हणून त्यानेही काम संपेपर्यंत बाटली उघडली नाही. मुलांनी आग्रह केला तरी नाही.

दुसऱ्या रविवारची नऊ पोती रस्त्याच्या कडेला ठेवली होती. ती न्यायला गाडी आली चौथ्या दिवशी. तोवर कुत्र्यांनी तीन फाडली होती. मुले चिडली, एक जण म्हणाला, बंद करूया. मी काहीच सांगितले नाही. वर्सोव्याची ती गोष्ट आधीच सांगून झाली होती. बुधवारी संध्याकाळी इफ्तारला दहा मिनिटे असताना ती तीन पोती पुन्हा भरून झाली होती. कुणी भरली ते मी विचारले नाही, भाच्याच्या बाहीला मात्र वास येत होता.

गेल्या रविवारी पाच मुले होती. दोघांचे पेपर आहेत, चौघांना झोप सुटत नाही. आता ईदचा प्रश्न आहे. ईदगाहवरून परतल्यावर घराघरांत शीरखुर्मा असतो. शेजारचे जोशी, कदम, डिसोझा येतात आणि ऐन गर्दीत कागदी कप बाहेर निघतात. बहिणीने ठरवले आहे की यंदा काचेच्या वाट्या काढायच्या. चोवीस आहेत, त्यातल्या दोन टवका उडालेल्या. पाहुणे जास्त झाले तर थोडा वेळ थांबावे लागेल, तेवढी वाचकांनी तयारी ठेवावी. रविवारची ओहोटी सकाळी पावणेसातला आहे.