शेकाट्या वाढला, नदी बिघडली

पक्षी पाहायला समुद्रकिनारी किंवा अभयारण्यातच जावे लागते, असे नाही. पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्त्यांना पवना नदी जवळ आहे. उन्हाळ्यात पाणी आटते, तेव्हा सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ च्या आत मुलांना घेऊन काठावर जावे. आम्ही दुर्बिणीशिवायच पाहतो.

रावेत बंधाऱ्यापाशी शहरासाठी पाणी उचलले जाते. त्याच्या वरच्या अंगाला काळापांढरा कवड्या धीवर शोधावा. हवेत जागच्या जागी फडफडत तो पाण्यात सूर मारतो. त्याला मासा दिसेल इतके नितळ पाणी लागते. खाली कासारवाडी, दापोडीकडे सांडपाणी मिसळलेल्या पात्रात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या चिखलातल्या अळ्या टिपतो. त्याचा थवा दिसायला देखणा असतो. पण जेथे धीवर दिसेनासा होऊन शेकाट्या वाढतो, तेथे नदी बिघडली असे समजावे.

चाकणकडच्या मोकळ्या प्लॉटवर टिटवी उघड्या जमिनीवरच, बहुधा ४, ठिपकेदार अंडी घालते. तिचे ओरडणे अपशकुनी मानणारे आजही आहेत. वास्तविक ती आपली पिले राखत असते. कडक उन्हात पोटाची पिसे पाण्यात भिजवून ती अंडी गार ठेवते. तिलाही जवळ पाणी लागतेच.

मुलांना एक वही द्यावी. तारीख, जागा, पक्षी आणि संख्या एवढेच लिहावे. दोन-तीन उन्हाळे नोंदी झाल्या, तर नदीच्या प्रश्नावर महापालिकेकडे जाताना वस्तीच्या हाती नुसती तक्रार नव्हे, पुरावा असेल.