बोटीवरची लाईट आणि घरातली लाईट

मैत्रिणींनो, सोलरवर चालणारा डीप फ्रीजर किंवा बोंबील वाळवायचा ड्रायर घ्यायचा विषय हल्ली गटाच्या मिटिंगमध्ये निघतो. विकणारा येतो, "ताई, हे डीसीवर चालतं, त्याला इन्व्हर्टर लागेल" असं भराभर बोलतो आणि आपण माना हलवतो. पण कर्ज गटाच्या नावावर असतं आणि हप्ते आपल्यालाच फेडायचे असतात. म्हणून एसी आणि डीसी म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ.

मुरब्यात दोन्ही प्रकारची वीज आपण बघतो. बोटीवरचा दिवा बॅटरीवर लागतो. बॅटरीला प्लस आणि मायनस अशी दोन टोकं असतात आणि वीज एकाच दिशेनं वाहते. ही झाली डीसी. घरातली वीज मात्र खाडीच्या पाण्यासारखी, भरतीला आत आणि ओहोटीला बाहेर. फक्त इथे दिशा एका सेकंदात 100 वेळा बदलते, म्हणून दिवा लुकलुकताना दिसत नाही. ही एसी, 230 व्होल्टची.

मग घरात एसीच का आली? वीज लांब न्यायची तर व्होल्ट खूप वाढवावे लागतात, नाहीतर तार तापून वाटेतच वीज वाया जाते. व्होल्ट दहापट केले की तेवढ्याच विजेसाठी तारेतून दहावा हिस्सा करंट जातो आणि नासाडी शंभरावा हिस्सा होते. व्होल्ट वाढवायचं-उतरवायचं काम ट्रान्सफॉर्मर करतो, म्हणजे आपली डीपी. आणि डीपी चालते फक्त एसीवर. शेजारचं तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झालं, त्याचीही वीज अशीच व्होल्ट चढवून बाहेर जाते. गंमत म्हणजे फार लांबच्या पल्ल्याला पुन्हा डीसीच परवडते. चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्याला 750 किलोमीटरच्या वर डीसीची लाईन आलेली आहे. फक्त दोन्ही टोकांना बदलायची मोठी यंत्रं लागतात.

आता आपल्या कामाचं. सोलर पॅनल देतं ती डीसी, बॅटरीत साठते तीही डीसी. घरचा साधा फ्रीजर मागतो एसी. मध्ये इन्व्हर्टर बसवावा लागतो, त्याचा खर्च वेगळा आणि त्यात थोडी वीजही जाते. शिवाय फ्रीजरचा कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम कितीतरी पट करंट ओढतो. इन्व्हर्टर लहान पडला तर तिथेच बंद पडतो आणि आतली मासळी पाण्यात. डीसीवरच चालणारे फ्रीजरही मिळतात, पण ते थेट घरच्या बोर्डाला लावता येत नाहीत. वस्तूच्या मागची पट्टी वाचा: लाटेसारखी खूण असेल तर एसी, सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ असेल तर डीसी. व्होल्टही तिथेच लिहिलेले असतात.

वायरीवर पैसे वाचवू नका. 120 वॅटचा पंखा 12 व्होल्टवर 10 अँपियर करंट घेतो, तेवढ्याच वॅटचा घरचा पंखा जेमतेम अर्धा. म्हणून डीसीला जाड वायर लागते, बारीक घातली तर तापते. बटणही डीसीचंच हवं. एसी उलटसुलट होताना क्षणभर शून्यावर येते, त्यामुळे बटण बंद करताना ठिणगी विझते. डीसी शून्यावर येत नाही, ठिणगी जळत राहते आणि साधं बटण वितळू शकतं.

बॅटरी 12 व्होल्टची, शॉक बसत नाही, म्हणून निर्धास्त होऊ नका. धातूची बांगडी किंवा पाना दोन्ही टोकांना एकदम लागला तर लालबुंद होऊन हात भाजतो. बांगड्या काढूनच हात घाला. आणि छपरावर एकापुढे एक जोडलेली पॅनल शेकडो व्होल्टपर्यंत जाऊ शकतात. घरातला मेन स्विच पाडला तरी ऊन आहे तोवर त्यांच्या वायरीत वीज असतेच. ती वायर तुटली तर वायरमनलाच बोलवा.