तरुणाचें पहिलें बचत खातें

मुलगा मिळवता झाला म्हणजे घरांतील वडील मंडळी त्यास दोन गोष्टी हमखास सांगतात : नोकरी सांभाळ, आणि चार पैसे शिल्लक टाक. परंतु ते कोठें टाकावे, हें विचारपूर्वक सांगणारा विरळाच. या बाबतींत आमच्याच हातून एक चूक घडली. ती सांगितल्यास इतरांस उपयोगी पडेल.

आमच्या पुतण्याचा मुलगा दोन वर्षांपूर्वीं चिंचवडच्या एका कारखान्यांत उमेदवारीवर लागला. वेतन दरमहा अकरा हजार. एका बँकेची जाहिरात आमच्या वाचनांत आली होती. तिचें व्याज इतरांहून अर्धा टक्का अधिक होतें. आम्हीं स्वतः त्यास तेथें नेऊन खातें उघडून दिलें. महिन्याची सरासरी शिल्लक दहा हजार असली पाहिजे, ही अट कागदावर छापलेली होती; ती आम्हीं वाचली नाहीं. ‘प्रश्न नीट वाचा’ असें मुलांना जन्मभर बजावणाऱ्या मास्तरानें हें करावें!

खानावळ भागवून व घरीं पैसे पाठवून मुलाची सरासरी तीन हजारांवर जाईना. तूट सात हजारांची. तिजवर शेंकडा ६ प्रमाणें दंड ४२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्यास सुमारें ४९६ रुपये. असे तीन महिने गेले. इशाऱ्याचे संदेश फोनवर येत होते, पण जाहिरातींच्या गर्दींत ते त्यानें पाहिले नाहींत. धाकट्या बहिणीच्या परीक्षेची फी भरण्यास पैसे काढूं गेला, तेव्हां दीड हजार कमी पडले. तो आम्हांस एक शब्दहि बोलला नाहीं. पासबुक पाहिल्यावर आम्हांस कळलें.

आतां हिशेब पाहा. तीन हजारांवर अर्धा टक्का अधिक व्याज म्हणजे वर्षाचे अवघे १५ रुपये! त्यांच्या लोभानें आम्हीं दीड हजार घालविले.

योगक्षेम या शब्दांत दोन अर्थ आहेत : नसलेलें मिळविणें हा योग, आणि असलेलें राखणें हें क्षेम. अल्प वेतनाच्या माणसानें बचत खातें निवडतांना क्षेम आधीं पाहावें. व्याजाचा दर मोठ्या ठेवीस शोभतो. लहान शिलकीस दंड नसणें हाच खरा लाभ.

अशा तरुणासाठीं रिझर्व्ह बँकेनें २०१२ सालीं मूलभूत बचत खात्याचे नियम घालून दिले. त्यांत किमान शिलकीची अट नाहीं, एटीएम कार्डास वार्षिक आकार नाहीं, आणि महिन्यांतून किमान चार वेळां पैसे विनामूल्य काढतां येतात. २०१४ सालीं सुरू झालेलें जनधन खातें याच जातीचें. मात्र त्याच बँकेंत दुसरें बचत खातें ठेवतां येत नाहीं. असल्यास तेंच बदलून मागावें.

डाकघराची बचत बँक १८८२ पासूनची. तेथें ५०० रुपये शिल्लक पुरते; २०२५ सालीं व्याज शेंकडा ४ होतें. परंतु महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच तें मिळतें. म्हणून भरणा १० तारखेच्या आंत करावा.

कारखान्यानें उघडून दिलेल्या पगाराच्या खात्यासहि सहसा शिलकीची अट नसते. पण पगार थांबला कीं तें साधें खातें होऊन अट लागूं शकते. नोकरी सुटतांच चौकशी करावी.

आणखी एक गोष्ट. बँकेंतील ठेवीस ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागें एका बँकेंत पांच लाखांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थेंतील ठेवीस तें नाहीं. ओळखीचा संचालक हा कांहीं विमा नव्हे.

बहिणीची फी आम्हीं भरली. दंड वास्तविक आमचाच होता. मुलाचें मूलभूत खातें आतां एका सरकारी बँकेंत आहे. शिल्लक थोडी आहे, पण ती जागच्या जागीं राहते.

वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती : मुलानें सही करण्यापूर्वीं त्याच्याजवळ बसून अटींचा कागद शेवटपर्यंत वाचावा. चष्मा लागत असेल, तर तो घरीं विसरूं नये.