वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे

संगणक नेटवर्कचे प्रकार शिकताना नववी-दहावीच्या मुलांच्या वाटेत सर्वांत चिवट गैरसमज येतो, तो वायफाय म्हणजेच इंटरनेट हा. वायफाय ही जवळपासची उपकरणे रेडिओ लहरींनी राउटरला जोडण्याची पद्धत आहे. इंटरनेट त्या राउटरच्या पलीकडे सुरू होते. बाहेरून आलेली फायबर तुटली, तरी मोबाइलवर वायफायच्या सगळ्या कांड्या दिसतात आणि पान मात्र एकही उघडत नाही. अशा वेळी ‘नेट गेलं’ म्हणून संगणक कक्षाला कुलूप लावायचे कारण नसते. नेटवर्कला जोडलेल्या प्रिंटरवर कोणत्याही संगणकावरून कागद छापता येतो, एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर उघडते. हे काम स्थानिक नेटवर्कचे, म्हणजे लॅनचे. राउटरला बाहेरून येणारी तार काढून हे वर्गात दाखवता येते, आणि पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा ते अधिक काळ लक्षात राहते.

लॅन म्हणजे तारांचे नेटवर्क, हाही अर्धवट समज. नेटवर्कचा प्रकार ठरतो तो मुख्यतः त्याच्या पसाऱ्यावरून. 1973 मध्ये जन्मलेल्या इथरनेटची तांब्याची तार एका टप्प्यात साधारण 100 मीटरपर्यंत चालते. वायफायचे पहिले मानक 1997 चे. दोन्हींतून लॅनच तयार होते, आणि बहुतेक शाळांत दोन्ही एकाच राउटरवर सुखाने नांदतात.

त्याहून लहान पसारा वैयक्तिक नेटवर्कचा, म्हणजे पॅनचा. मोबाइल आणि ब्लूटूथ इअरफोन यांच्यातला दुवा सहसा दहाएक मीटरचा असतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही. डेटा संपतो तो गाणे ऑनलाइन ऐकल्यामुळे, ब्लूटूथमुळे नव्हे. शहरभर पसरलेल्या मॅनची सीमा तितकी काटेकोर नाही. परीक्षेपुरती ती लक्षात ठेवली तरी चालते.

दूरवर पसरलेले नेटवर्क, म्हणजे वॅन, हेच इंटरनेट, हे समीकरणही चुकीचे. बँकेच्या गावोगावच्या शाखा आणि एटीएम जोडणारे नेटवर्क वॅनच असते, पण ते बँकेचे खाजगी असते. इंटरनेट हे अशा असंख्य स्वतंत्र नेटवर्कांचे मिळून बनलेले नेटवर्क आहे आणि त्याला एक मालक नाही. त्यांना बोलण्यासाठी समान नियम लागतात. टीसीपी-आयपी हे ते नियम इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटने 1 जानेवारी 1983 पासून स्वीकारले.

मोबाइलला तार दिसत नाही, म्हणून सगळे उपग्रहावरून येते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात मोबाइलचा बिनतारी प्रवास बहुधा टॉवरपर्यंतच असतो. खंडांमधली जवळजवळ सगळी वाहतूक समुद्रतळावरच्या फायबर केबलींतून होते; त्यांपैकी काही मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात. भूस्थिर उपग्रह सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे प्रश्न जाऊन उत्तर यायला जवळपास अर्धा सेकंद लागतो. खालच्या कक्षेतले नवे उपग्रह हा विलंब बराच कमी करतात, तरी मुख्य भार केबलींवरच आहे. जानेवारी 2008 मध्ये इजिप्तजवळ केबली तुटल्या आणि भारतातले इंटरनेट मंदावले, ते त्यामुळेच.

वेब आणि इंटरनेट एकच, हा शेवटचा गैरसमज. अर्पानेटवरचा पहिला संदेश 1969 चा, त्यावरचे ईमेल 1971 चे. टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा प्रस्ताव मांडला तो 1989 मध्ये. वेब ही इंटरनेटवर चालणारी एक सेवा आहे. ईमेल, व्हिडिओ कॉल आणि ऑनलाइन खेळ त्याच इंटरनेटवरून चालतात, आणि त्यांना ब्राउझर लागतोच असे नाही.