चार कागद आणि बेचाळीस तास

आमचे अण्णा आर.एम.एस.मध्ये सॉर्टर होते. रात्रीच्या गाडीच्या डब्यात उभं राहून गावोगावची पत्रं आपापल्या खणात टाकायची, हे काम त्यांनी जन्मभर केलं. निवृत्तीनंतर कधीतरी त्यांच्या हाती मंगेश पाडगावकरांनी केलेलं 'रोमिओ आणि ज्युलिएट'चं भाषांतर पडलं. दोन दिवसांत वाचून संपवलं, चष्मा काढला आणि मला म्हणाले, "अगं, त्या साधूनं एवढं महत्त्वाचं पत्र रजिस्टर का नाही केलं?"

मी हसले. कॉलेजात हे नाटक शिकताना आम्ही 'नियती', 'उतावळेपणा', 'ग्रहांची अवकृपा' असल्या शब्दांनी वह्या भरल्या होत्या, पत्राकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. अण्णांच्या प्रश्नानंतर मी नाटक पुन्हा काढलं ते पोस्टखात्याच्या नजरेनं, आणि तेव्हापासून ते माझ्या हातून सुटलेलंच नाही.

पार्श्वभूमी सांगायलाच हवी म्हणून भराभर सांगते. गोष्ट शेक्सपिअरची नव्हे. १४७६ साली मासुच्चो सालेर्नितानोनं तशी एक कथा सिएनात घडवली, १५३०च्या सुमारास लुइजी दा पोर्तोनं ती व्हेरोनात आणून नायक-नायिकेला आजची नावं दिली, १५५४ साली बांदेल्लोनं ती पुन्हा सांगितली, फ्रेंचमार्गे ती इंग्लंडात पोचली आणि १५६२ साली आर्थर ब्रुकनं तिच्यावर लांबलचक कविता लिहिली. शेक्सपिअरच्या पुढ्यात होती ती ही कविता. नाटक १५९७ साली प्रथम छापलं गेलं, १५९९ साली जास्त चांगल्या प्रतीवरून पुन्हा. झालं.

आता कागद. या नाटकात चार कागद महत्त्वाचे आहेत आणि चारांपैकी एकही सरळपणे ज्याचा त्याला पोचत नाही. (चौथ्या अंकात पाहुण्यांची आणखी एक यादी आहे, पण तिच्यामुळे काही घडत नाही, म्हणून धरत नाही.)

पहिला कागद म्हणजे ज्युलिएटच्या बापाच्या, कॅप्युलेटच्या घरच्या मेजवानीच्या निमंत्रितांची यादी. मालक यादी नोकराच्या हातात देतो आणि नोकराला वाचता येत नाही! तो रस्त्यात भेटलेल्या पहिल्या बऱ्या दिसणाऱ्या तरुणाला 'जरा वाचून दाखवता का' म्हणतो. तो तरुण रोमिओ, म्हणजे हाडवैऱ्याचा मुलगा. यादीत तो तेव्हा जिच्यासाठी झुरत असतो त्या रोझलिनचं नाव दिसतं, तिच्यासाठी तो बिनबोलावता जातो आणि तिथं ज्युलिएट दिसते. एका निरक्षर गड्यामुळे जगातली सर्वांत प्रसिद्ध प्रेमकथा सुरू होते. याला नियती म्हणा हवं तर. पण वैऱ्याच्या घरी मुखवटा लावून जायचं रोमिओनंच ठरवलं. जायच्या आधी त्याच्या मनात पाल चुकचुकते, तसं तो बोलूनही दाखवतो आणि तरी जातो.

दुसरा कागद बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही. मेजवानीत रोमिओला ओळखून संतापलेला ज्युलिएटचा मामेभाऊ टिबल्ट त्याच्या घरी द्वंद्वाचं आव्हान पाठवतो. पत्र घरी पोचतं, पण रोमिओ रात्रभर घरी नसतो. आधी ज्युलिएटच्या खिडकीखाली, मग पहाटे लग्न ठरवायला फ्रायर लॉरेन्सकडे. अण्णांच्या भाषेत 'पत्ता बरोबर, मालक गैरहजर'. नाटकात ते पत्र त्यानं वाचल्याची कुठं खूण नाही. सोमवारी दुपारी, लग्नाला तास-दोन तासही झालेले नसताना, तो भर उन्हात चौकात येतो तेव्हा टिबल्ट तलवार घेऊन का उभा आहे याची त्याला कल्पना दिसत नाही. रोमिओचा मित्र मर्क्युशिओ मरतो, रोमिओ टिबल्टला मारतो, हद्दपारी होते.

तिसरा कागद सर्वांच्या माहितीचा. पण त्यातही एक बारकावा आहे. ज्युलिएट मेलेली नसून औषधानं झोपली आहे, हे हद्दपार रोमिओला कळवणारं लॉरेन्सचं पत्र फ्रायर जॉन मँटुआला नेणार असतो. निघण्यापूर्वी सोबतीला दुसरा एक साधू घ्यायला तो जातो. हा दुसरा साधू रोग्यांची शुश्रूषा करत असतो. शहराचे तपासनीस त्या घरात साथ असल्याच्या संशयानं दारं बंद करून दोघांना आत कोंडतात. ब्रुकच्या कवितेत हा निरोप्या निदान मँटुआपर्यंत पोचतो आणि तिथल्या मठात अडकतो. शेक्सपिअरनं त्याला व्हेरोनातूनच हलू दिलं नाही. नाटक लिहिलं जाण्याच्या थोडं आधी, १५९२ ते १५९४ या काळात, प्लेगमुळे लंडनची नाटकघरं बहुतेक बंदच होती. बाहेरून दार बंद होणं म्हणजे काय, हे प्रेक्षकांना समजावून सांगायची गरज नव्हती. १८९७च्या पुण्यातल्या घरझडत्यांच्या कथा आजीकडून ऐकलेल्या माझ्यासारखीलाही नव्हती. पत्र उलट टपाली लॉरेन्सच्या हातात येतं. प्रेषकास परत.

आणि इथंच मी नियतीवाल्यांची साथ सोडते. मँटुआत नोकर बाल्थझार ज्युलिएटच्या मृत्यूची बातमी घेऊन येतो तेव्हा रोमिओ त्याला फ्रायरचं पत्र आहे का म्हणून विचारतो. एकदा नाही, दोनदा. म्हणजे पत्र येणार हे त्याला ठाऊक आहे, तो त्याची वाट पाहतो आहे. नोकर नाही म्हणतो आणि रोमिओ त्यावर 'असू दे' म्हणून घोडी आणायला सांगतो. पत्र का आलं नाही, एवढं विचारायलाही तो थांबत नाही. त्या दिवशी औषधवाल्याचं दुकान सणामुळे बंद असतं. तो त्याला हाक मारून बाहेर बोलावतो, चाळीस डुकाट मोजतो आणि विष विकत घेतो. दैवानं सुट्टीच्या दिवसाची आडकाठी घातली होती, ती यानं पैसे देऊन काढली. अण्णा म्हणत, "टपाल उशिरा येतं हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून कुणी गाव सोडून जातं का?"

घाई तशी एकट्या रोमिओची नाही. ब्रुककडे ही गोष्ट काही महिने चालते, शेक्सपिअरनं ती चार-पाच दिवसांत कोंबली. ब्रुकची ज्युलिएट सोळा वर्षांची, शेक्सपिअरची चौदाही पूर्ण न झालेली. रविवारी सकाळी भांडण, रात्री भेट, सोमवारी लग्न आणि खून, मंगळवारी पहाटे ताटातूट. रोमिओला सावकाशीचे धडे देणारा लॉरेन्स सोमवारीच गुपचूप लग्न लावून देतो. पण माझ्या मते सगळ्यांत घातक घाई म्हाताऱ्या कॅप्युलेटची. तो ज्युलिएटचं पॅरिस नावाच्या सरदाराशी लग्न गुरुवारी ठरवतो. ज्युलिएटनं औषध बुधवारी रात्री घ्यावं, असा लॉरेन्सचा बेत असतो. मंगळवारी ती खोटंखोटं ऐकल्याचं दाखवते, म्हातारा हरखतो आणि लग्न बुधवारवर आणतो! औषध एक रात्र आधी घ्यावं लागतं आणि पत्राच्या हातचा एक अख्खा दिवस जातो. मुलगी शहाणी झाली या आनंदात बापानं तो दिवस खाल्ला.

औषधाचा अंमल बेचाळीस तासांचा. मी कागदावर मांडून पाहिलं. मंगळवारच्या मध्यरात्री घेतलं तर जाग गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास. शेवटचा प्रवेश गुरुवार रात्रीचा धरला तर हिशेब ओढूनताणून बसतो. थडग्यात ज्युलिएटच्या ओठांवर, गालांवर रंग आहे हे रोमिओ पाहतो, बोलतो आणि तरी विष पितो. लॉरेन्स थडग्यांना ठेचकाळत येतो तेव्हा बाल्थझार सांगतो, मालक आत जाऊन अर्धा तास झाला. तेवढ्यात ती जागी होते. दा पोर्तोच्या कथेत ती रोमिओनं विष पिण्याआधी नाही तरी त्याच्या मरणापूर्वी जागी होते, दोघं बोलतात. १७४८ साली डेव्हिड गॅरिकनं तसाच प्रवेश लिहून नाटकात घातला आणि इंग्रज प्रेक्षकांनी तो पुढं जवळजवळ शंभर वर्षं आनंदानं पाहिला. १८४५ साली शार्लट कुशमन या अमेरिकन नटीनं मूळ शेवट परत आणला. ती स्वतः रोमिओ झाली होती आणि तिची सख्खी बहीण ज्युलिएट. मला गॅरिकचा मोह कळतो. पण त्यानं ही चुकामूक मऊ करून टाकली.

चौथा कागद रोमिओनं वडिलांना लिहिलेला. सकाळी त्यांच्या हातात द्यायचा, अशी ताकीद. बाल्थझार तो घेऊन उभा असतो आणि व्हेरोनाचा अधिपती तो मागून घेऊन आधी स्वतः वाचतो. बाप शेजारीच उभा.

व्हेरोनाला मी दोनदा गेले. पहिल्यांदा टूरबरोबर, चाळीस मिनिटं. व्हिया कापेल्लोवरच्या त्या अंगणात ब्राँझच्या ज्युलिएटभोवती इतकी गर्दी की वरचा सज्जा मान वाकडी करून पाहावा लागला. तो सज्जा १९३०च्या दशकात जुन्या दगडांतून जुळवून बसवलेला, आणि शेक्सपिअरच्या नाटकात 'बाल्कनी' हा शब्दच नाही. १८४०च्या दशकात डिकन्स आला तेव्हा तिथं एक कळकट खानावळ होती. मला या खोटेपणाचा राग येत नाही. पंढरीला जाणारा माणूस वीट कुठल्या भट्टीतली म्हणून विचारत नाही.

दुसऱ्यांदा एकटी गेले ती मँटुआसाठी. दोन शहरांत साधारण चाळीस किलोमीटर, गाडीला पाऊण-एक तास. बाहेर सपाट शेतं, एकही घाट नाही, एकही अवघड नदी नाही. मँटुआ तीन बाजूंनी तळ्यांत बसलेलं, शांत. तळ्याकाठी बसून मनात आलं, एवढ्याशा अंतरात पत्र हरवायला खरंच काहीतरी विशेष घडावं लागतं.

आणि गंमत अशी की आज व्हेरोनाला बिनपत्त्याची पत्रं पोचतात. पाकिटावर नुसतं 'ज्युलिएट, व्हेरोना' असलं तरी चालतं. १९३०च्या दशकात तिच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या थडग्याचा राखणदार एत्तोरे सोलिमानी अशा पत्रांना उत्तरं देऊ लागला. आता 'क्लुब दी जुलिएत्ता' नावाची मंडळी ते काम करतात. जगभरच्या प्रेमात पडलेल्यांना आणि प्रेमातून पडलेल्यांना हातानं उत्तरं लिहितात.

मी मँटुआतूनच एक कार्ड टाकलं. त्यावर अण्णांचा रजिस्टरचा प्रश्न इंग्रजीत लिहिला आणि खाली आमचा पुण्याचा पत्ता. चारेक महिन्यांनी उत्तर आलं, निळ्या शाईत, 'प्रेमावर विश्वास ठेवा' अशा अर्थाचं. रजिस्टरबद्दल अक्षर नाही. अण्णांना दिलं. त्यांनी आतला कागद तसाच घडीत ठेवला, पाकीट उजेडात तिरकं धरलं आणि बराच वेळ तारखेचा शिक्का लावत बसले.

"काय म्हणते ती?" मी विचारलं.

"थांब," ते म्हणाले, "निघाल्याची तारीख आधी लागू दे."